माऊस चालेना, म्हणजे नेमके काय चालेना?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा लक्ष्मीपुरीतल्या संगणकाच्या दुकानात तासभर बसले, तर "माऊस गेलाय, नवीन द्या" हे वाक्य एकदा तरी कानावर पडतेच. दुकानदार नवा माऊस काढून देतो, गिऱ्हाईक तो घेऊन जाते, आणि त्यांतला एखादा दुसऱ्या दिवशी तोच नवा माऊस हातात धरून परत येतो, कारण नवाही चालत नाही. चूक दुकानदाराची नसते आणि माऊसचीही नसते. 'माऊस गेला' या दोन शब्दांत निदान पाच निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात: पडद्यावरचा बाण अजिबात हलत नाही, किंवा हलतो पण उड्या मारतो, किंवा नीट हलतो पण क्लिक लागत नाही, किंवा एकदा दाबले की दोनदा लागते, किंवा चाक फिरवले की पान भलतीकडेच जाते. या पाचांची कारणे पाच ठिकाणी असतात, आणि नवा माऊस हा त्यांपैकी फार तर दोन-तीन तक्रारींवरचा इलाज आहे. म्हणून पहिला प्रश्न 'कोणता माऊस घ्यावा' हा नसून 'दोष माऊसमध्ये आहे, त्याच्या खालच्या टेबलात आहे की संगणकात आहे' हा असायला हवा.

त्याचे उत्तर शोधण्याआधी माऊस काम कसे करतो हे थोडक्यात पाहणे भाग आहे. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत तयार केलेला पहिला माऊस लाकडी खोक्याचा होता आणि त्याच्या पोटाखाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक आडवी हालचाल मोजायचे, दुसरे उभी. पुढे चाकांच्या जागी रबराचे आवरण असलेला जड गोळा आला. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी क्लासमध्ये संगणक शिकला, त्यांना तो गोळा बाहेर काढून आतल्या रुळांवर चिकटलेला काळा मळ नखाने खरवडल्याचे आठवत असेल. आजच्या माऊसमध्ये गोळाही नाही आणि चाकही नाही. तिथे एक कॅमेरा आहे.

हे अलंकारिक बोलणे नव्हे. माऊस उलटा केला की दिसणारा लाल दिवा टेबलाच्या पृष्ठभागावर तिरपा प्रकाश टाकतो, त्या प्रकाशात पृष्ठभागाच्या बारीकसारीक खडबडीतपणाच्या सावल्या पडतात, आणि दिव्याशेजारच्या भिंगातून एक छोटा सेन्सर त्या सावल्यांची चित्रे टिपत राहतो. स्वस्तातल्या साध्या सेन्सरचाही वेग सेकंदाला दीड हजार चित्रांच्या घरात असतो. एकेक चित्र मात्र अगदी चिमुकले, म्हणजे अठरा गुणिले अठरा अशा काहीशे ठिपक्यांचे असते. आतली चिप लागोपाठची दोन चित्रे एकमेकांशी ताडून पाहते, सावल्या किती आणि कोणत्या दिशेला सरकल्या हे ठरवते, आणि तेवढाच आकडा संगणकाकडे धाडते. संगणक सामान्यतः सेकंदाला १२५ वेळा माऊसला 'काही नवीन?' असे विचारत असतो. उत्तर आले की बाण तितका सरकवतो. म्हणजे टेबल, भिंग, सेन्सर, वायर, ती जिथे खोचतात ते संगणकाचे पोर्ट आणि शेवटी संगणकातली प्रणाली, म्हणजे विंडोजसारखे मूळ सॉफ्टवेअर, अशी ही साखळी आहे. दुरुस्ती म्हणजे साखळीतला तुटलेला दुवा हुडकणे, आणि हुडकण्याची खात्रीची रीत एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माऊस, पोर्ट आणि टेबल ही तिन्ही एकदम बदलली आणि काम सुरू झाले, तर दोष कुठे होता हे कधीच कळत नाही.

टेबलापासूनच सुरुवात करू, कारण आपल्याकडे दोष तिथे सापडण्याचे प्रमाण लोकांना वाटते त्यापेक्षा बरेच अधिक आहे. कोल्हापुरातल्या जुन्या पेढ्या, कर सल्लागारांची कार्यालये, पतसंस्था यांच्या टेबलांवर जाड काच घातलेली असते, आणि काचेखाली अंबाबाईचा फोटो, त्या वर्षीचे कॅलेंडर, शेजारी भेटपत्रांची रांग. शाहूपुरीतल्या एका नातेवाइकाच्या कार्यालयात नेमके असेच टेबल होते. मार्चअखेरीच्या घाईत तिथला माऊस बिघडला, म्हणून दोन नवे आणले गेले, संगणकातली प्रणालीसुद्धा एकदा पुसून नव्याने टाकून झाली, तरी बाण जागच्या जागी थरथरायचा किंवा मध्येच कोपऱ्यात जाऊन बसायचा. मी गेलो तेव्हा माऊसखाली एक कोरा कागद सरकवला आणि बाण सरळ चालू लागला. यात माझी हुशारी काही नव्हती. स्वच्छ काच गुळगुळीत आणि पारदर्शक असते. तिच्यावर सावली पडण्याजोगे काहीच नसते, आणि थोडा प्रकाश काचेतून पलीकडच्या फोटोपर्यंत जाऊन परत येतो तो भिंगाच्या नेमक्या अंतराबाहेरचा. कॅमेऱ्याला पाहायला काही मिळाले नाही, तर तो हालचाल सांगणार कशी? आरशासारखी चकचकीत सनमायका आणि एकसारखी झळाळी असलेले प्लॅस्टिकचे पॅड यांचीही हीच तऱ्हा असते. म्हणून बाण अडखळत असेल किंवा उड्या मारत असेल, तर सर्वांत आधी माऊसखाली साधा पांढरा कागद ठेवून पाहावा. खर्च काहीच नाही आणि वेळ लागतो दहा सेकंद.

कागदावरही बाण नीट चालला नाही, तर माऊस उलटा करून दिव्याचे भोक उजेडात निरखावे. एखादा केस, सुताचा तंतू किंवा धुळीचा कण भिंगासमोर अडकला असेल, तर सेन्सरला प्रत्येक चित्रात तोच न हलणारा तंतू दिसतो आणि हालचालीचा हिशेब चुकतो. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या कार्यालयांत ही अडचण विशेष येते, कारण तिथल्या हवेत लेथ आणि ग्राइंडिंगची बारीक धातूची पूड असते, तिच्यावर कटिंग ऑइलचा ओलसर थर बसतो आणि मग ती फुंकरीने निघत नाही. गुळाच्या अडतीत तिच्या जागी चिकट धूळ असते. कान साफ करायची कापसाची काडी कोरडी फिरवावी. त्याने निघाले नाही तर काडीचे टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओले करावे, पण माऊस आधी संगणकापासून काढून आणि भिंगावर जोर न देता. टाचणी किंवा पिन त्या भोकात कधीही घालू नये, कारण भिंगावर ओरखडा पडला की तो कायमचा.

आता बाण अजिबातच हलत नाही या तक्रारीकडे येऊ. इथे माऊसला हात लावण्याआधी कीबोर्डवरचे कॅप्स लॉक हे बटण दाबावे. त्याचा छोटा दिवा लागला आणि विझला, तर संगणक जागा आहे. दिवा जिथल्या तिथे राहिला, तर बहुधा संगणकच गोठला आहे आणि माऊसवर उगाच आळ येतो आहे. संगणक जागा असेल, तर माऊसच्या पोटाखालचा दिवा पाहावा. दिवा बंद असेल, तर माऊसपर्यंत वीजच पोहोचत नाही. दिवा चालू असेल, तर मात्र लगेच निर्धास्त होऊ नये. यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. त्यांपैकी दोन पाच व्होल्टची वीज नेतात आणि उरलेल्या दोन निरोप नेतात. निरोपाची तार तुटली आणि विजेच्या दोन्ही शाबूत राहिल्या, तर दिवा लागूनही माऊस मुका राहू शकतो. याच्या उलट गंमत म्हणजे अनेक संगणक बंद केल्यावरही पोर्टमधून वीज सोडतच राहतात, त्यामुळे रात्री अंधारात माऊसचा दिवा लागलेला दिसला म्हणून काही बिघडले असे समजू नये. काही माऊसचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. तिथे ही दिव्याची परीक्षा लागू पडत नाही.

यानंतर पोर्ट बदलावे. संगणकाच्या खोक्याच्या दर्शनी बाजूची पोर्टे आतून एका वायरीने मुख्य बोर्डाला जोडलेली असतात आणि ती जोडणी सैल होऊ शकते. मागची पोर्टे थेट बोर्डावरच असतात, म्हणून माऊस मागे लावून पाहणे हे अधिक विश्वासाचे. मध्ये हब, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्टे करणारा जोड, असेल, तर तो काही वेळ बाजूला काढावा. यूएसबी २ च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर एवढी वीज मिळण्याची तरतूद असते. स्वतःची वेगळी वीज नसलेल्या हबवर बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटर आणि माऊस असे सगळे एकत्र लावले, तर बिचाऱ्या माऊसच्या वाट्याला काही उरेलच असे नाही. उद्यमनगरात आणि जुन्या शाळांच्या प्रयोगशाळांत गोल, सहा पिनांच्या पोर्टाचे संगणक अजूनही आढळतात. त्यात हिरवे पोर्ट माऊसचे आणि जांभळे कीबोर्डचे. तिथे माऊसच्या वायरीची पिन सुटली तर चालू संगणकात ती परत खोचून उपयोग होत नाही, संगणक बंद करून पिन लावावी आणि मग तो सुरू करावा.

दोष माऊसमध्ये आहे की संगणकात, याचा निवाडा करायला दुसरा संगणक हाताशी असलाच पाहिजे असे नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनला ओटीजीची, म्हणजे फोनला यूएसबीची उपकरणे जोडणारी, छोटी पिन लावून त्यात माऊस जोडला, की फोनच्या पडद्यावर चक्क बाण उमटतो. तिथे माऊस सुरळीत चालला, तर तो निर्दोष सुटला. संगणकाची चौकशी सुरू करावी. फोनवरही चालला नाही, तर वायरीकडे वळावे. वायर तुटते ती बहुतेक वेळा माऊसच्या नाकाशी, जिथे ती खोक्यात शिरते आणि रोज वाकते, किंवा पिनेच्या मानेशी. त्या दोन जागी वायर हळूच वाकवून धरली असता बाण क्षणभर जिवंत झाला, तर निदान पक्के. वायर कापून पुन्हा डाग देता येतो, पण स्वस्त माऊसमध्ये तारांचे रंग ठरलेल्या पद्धतीने असतीलच असे नाही, त्यामुळे रंगावर विसंबून जोडणी करू नये. एका गूळ व्यापाऱ्याच्या कार्यालयात मी पाहिलेल्या माऊसची वायर मात्र वाकून तुटली नव्हती. ती गोदामातल्या खऱ्या उंदराने कुरतडली होती, आणि भाऊबंदकी इथवर आली म्हणून दिवाणजी आठवडाभर सर्वांना सांगत होते.

बिनवायरीच्या माऊसमध्ये वायरीची जागा रेडिओ लहरी घेतात, म्हणून तिथे शंका घेण्याच्या जागाही बदलतात. तळाशी असलेली छोटी कळ चुकून बंद झालेली असते, हे कारण इतके साधे आहे की ते सांगताना संकोच वाटतो, पण ते आढळते. सेल संपत आला की बाण आधी जड होतो, मग मध्येमध्ये थांबतो, आणि लोकांना वाटते संगणक हळू झाला. सेल महिनोन् महिने तसाच राहिला आणि गळला, तर त्याच्या कप्प्यात पांढरी भुकटी जमते. ती अल्कधर्मी असल्यामुळे कापसाच्या काडीला किंचित लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पत्रे पुसावेत, नंतर कोरडे करावेत आणि हात धुवावेत. इतके करूनही बाण अडखळला, तर रिसीव्हर, म्हणजे ज्याला दुकानात डोंगल म्हणतात तो, कुठे लावला आहे ते पाहावे. हे माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच बोलतात, आणि इंटेलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका तांत्रिक टिपणात असे दाखवून दिले की यूएसबी ३ च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाटही याच पट्ट्यात पसरतो. म्हणून बाहेरच्या हार्ड डिस्कच्या शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये खोचलेला डोंगल अर्धवट बहिरा होऊ शकतो. तो दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावावा किंवा हातभर लांबीच्या यूएसबी वायरीने टेबलावर आणून ठेवावा. लोखंडी टेबलाखाली, संगणकाच्या पाठीमागे भिंतीला चिकटलेला डोंगल हीसुद्धा रेडिओ लहरींच्या दृष्टीने वाईट जागा आहे.

याच प्रकारातली एक तक्रार वेगळी नोंदवतो. एका कार्यालयात बाण आपोआप फिरायचा, मध्येच फाइल उघडायची, आणि भानामतीपासून हॅकरपर्यंत सर्व तर्क झाले होते. संगणकाच्या मागे पाहिले तर दोन डोंगल होते. दुसऱ्या डोंगलचा माऊस, सेलासकट, खालच्या खणात फायलींखाली पडलेला होता. खण उघडला-मिटला की तो हलायचा आणि त्याच्यावर फाइल सरकली की त्याचे बटण दाबले जायचे. संगणक एकापेक्षा अधिक माऊसचे ऐकतो आणि सर्वांचा बाण एकच असतो. लॅपटॉपवर टंकताना तळहात टचपॅडला घासला तरी असाच भास होतो.

क्लिकची दुखणी या सगळ्यांहून निराळी, कारण तिथे कॅमेऱ्याचा संबंध नाही. डाव्या बटणाखाली एक चिमुकला स्विच असतो आणि त्यात तांब्याच्या मिश्रधातूची स्प्रिंगसारखी पातळ पट्टी असते. दाबले की ती 'टक' करून खालच्या टोकाला टेकते. कोणतीही धातूची पट्टी टेकताना सूक्ष्म उसळ्या मारते, म्हणून आतली चिप काही क्षण थांबून त्या उसळ्या एकच दाब म्हणून मोजते. पट्टी झिजली, तिचा ताण कमी झाला किंवा टोकावर गंज-मळाचा थर बसला की उसळ्या त्या क्षणांच्या पलीकडे जातात, आणि एका दाबाचे दोन होतात. फाइल एकदा टिचकी मारताच उघडणे हे याचे ठळक लक्षण असले, तरी त्याआधी एक बारीक लक्षण दिसते: मजकूर निवडताना किंवा फाइल ओढून नेताना ती वाटेतच सुटते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात जी ओल असते, तिच्यात हे दुखणे बळावते, असा माझा अनुभव आहे. मात्र स्विचला दोष देण्याआधी दोन सेटिंग पाहावीत. एकीकडे दोन टिचक्यांमधला अपेक्षित वेग फार जास्त ठेवलेला असेल, तर चांगल्या माऊसचीही दुहेरी टिचकी लागत नाही. आणि एखाद्या डावखुऱ्या सहकाऱ्याने बटणांची अदलाबदल केली असेल, तर डावे बटण 'मेले' आणि उजवे 'वेडे झाले' असे वाटते.

चाकाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. चाकाच्या कण्याशी किती खाचा सरकल्या हे मोजणारा भाग असतो. त्यात धूळ किंवा केस गेले की पान खाली जाताजाता मध्येच वर उसळते, आणि फटीतून हवा मारून पुष्कळदा सुटका होते. पण चाक फिरवल्यावर पान सरकण्याऐवजी अक्षरे लहान-मोठी होत असतील, तर माऊस निर्दोष आहे. कीबोर्डवरचे कंट्रोल बटण अडकून बसले आहे.

साखळीचा शेवटचा दुवा संगणकातल्या प्रणालीचा, आणि तिथे मोठी अडचण अशी की माऊस दुरुस्त करायला जी खिडकी उघडायची, तिच्यापर्यंत माऊसशिवाय पोहोचावे लागते. विंडोजमध्ये डावीकडचे ऑल्ट, डावीकडचे शिफ्ट आणि नम लॉक ही तिन्ही बटणे एकदम दाबून एंटर केले, की उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांनी बाण हलवता येतो: चार डावीकडे, सहा उजवीकडे, आठ वर, दोन खाली आणि पाच म्हणजे टिचकी. हे जमत नसेल तर विंडोजचे बटण आणि एक्स एकत्र दाबून मग एम दाबावे. संगणकाला जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडतो. टॅब आणि बाणांच्या बटणांनी माऊसच्या नोंदीपर्यंत जावे, शिफ्ट आणि एफ १० दाबून यादी उघडावी, नोंद काढून टाकावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. साध्या माऊसचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, विंडोज स्वतःच परत बसवते. कीबोर्डची नोंद मात्र चुकून काढू नये, नाहीतर दोन्ही हात बांधले जातील. लॅपटॉप काही वेळ तसाच ठेवल्यावर माऊस झोपून जात असेल, तर त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते. तिथली खूण काढावी.

बाण दिसतच नाही ही तक्रारही कधीकधी प्रणालीचीच असते. शाळेत प्रोजेक्टर जोडलेला असतो, पडदा पुढे वाढवलेला असतो आणि बाण भिंतीवरच्या त्या दुसऱ्या पडद्यावर फिरत असतो. विंडोज आणि पी ही बटणे दाबून फक्त संगणकाचा पडदा निवडला की तो घरी परततो. जास्त वीज ओढली गेल्यामुळे एखादे पोर्टच बंद पडले असेल, तर संगणक बंद करून, भिंतीतली पिन काढून, सुरू करायचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे आणि मग पुन्हा जोडणी करावी.

दोष माऊसमध्येच आहे असे ठरले, तर दुरुस्ती की खरेदी हा हिशेब उरतो. काही शे रुपयांच्या माऊसचा स्विच बदलण्याची मजुरी अनेकदा माऊसच्याच किमतीला जाऊन भिडते. चांगल्या, महागड्या माऊसला मात्र डाग देण्याचे काम येणाऱ्या कारागिराकडून नवा स्विच बसवून घेणे परवडते. उघडायचा झाल्यास स्क्रू वरून दिसत नाहीत. ते तळाच्या घसरपट्ट्यांखाली किंवा लेबलाखाली लपलेले असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सखल भागातल्या कार्यालयांतून भिजलेले माऊस लोकांनी पाणी ओसरताच संगणकाला लावून पाहिले. तसे करू नये. आधी सेल काढून, खोके उघडून, गाळ स्वच्छ पाण्याने धुवून तो पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. आणि बिनवायरीचा माऊस टाकून देताना त्याचा डोंगल जपून ठेवायचा मोह टाळावा, कारण एखाद-दुसऱ्या कंपनीची सोय वगळता तो त्याच माऊसशी बांधलेला असतो आणि पुढच्या माऊसला त्याचा काही उपयोग होत नाही. खणातल्या त्या फायलींखालच्या माऊसचा डोंगलही असाच कुणीतरी संगणकाला लावून विसरून गेले होते.